सगळ्या सुरळ्यांवर एकच वचन

रूथमावशी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायच्या, तेही कमरेवर हात ठेवून. आखातात, हूरा भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर दर शुक्रवारी आम्ही दहा-बारा मराठी ख्रिस्ती जमायचो. बाकीचे डोळे मिटून आभार मानत असताना मावशी छताकडे बघून विचारायच्या, "प्रभू, काय चाललंय तुझं? सातवा महिना लागला!" मी एकदा डोळे मिटायला सुचवलं. "भांडताना बायकोसमोर डोळे मिटतोस का रे?" मिटतो, पण तेव्हा ते सांगणं बरं दिसलं नसतं.

सातवा महिना मावशींच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या, पक्षाघाताला लागला होता. मावशी मूळच्या नगरच्या, इथे सत्तावीस वर्षं नर्स. परक्यांना उठवून चालवलं, आणि घरचा माणूस अंथरुणाला खिळलेला, वाचा गेलेली. "ह्यांच्या तोंडून एकदा 'रूथ' ऐकू दे, मग खलास, काही मागणार नाही." प्रभूची काहीतरी योजना असेल, असं कोणी म्हटलं की त्या विचारायच्या, "तुला दाखवलीय का?" म्हणणारा बहुतेक मीच असे.

प्रार्थनेनंतर वचनांची पेटी फिरायची. मावशींनी पवित्र शास्त्रातलं एकेक वचन कागदाच्या पट्टीवर लिहून केलेल्या सुरळ्या, गोड-कडू सगळ्या. हाती येईल तो आपल्यासाठी देवाचा शब्द, आणि तो मोठ्यानं वाचायचा. मावशींच्या वाट्याला मात्र दर वेळी आळशी माणसाला दिलेली तंबीच.

मला बघवेना. एका शुक्रवारी त्या चहा टाकायला गेल्यावर मी सुरळ्या खिशात घातल्या आणि ऑफिसात छापलेल्या चाळीस नव्या भरल्या. सगळ्यांवर एकच वचन, आजाऱ्याला उठवून उभं करण्याचं. पेटी नेहमी मावशींपासून सुरू व्हायची; त्यांचं वाचून झालं की काहीतरी निमित्त काढून जुन्या सुरळ्या परत भरायच्या, असा माझा बेत. त्या दिवशी म्हणाल्या, "आज पाहुण्यांपासून."

पाहुणे म्हणून आलेल्या गृहस्थांनी वाचलं. त्यांच्या बायकोनंही तेच वाचलं. तिसऱ्यानं वाचेपर्यंत मावशी माझ्याकडे बघत होत्या आणि मी एसीखाली घामाघूम.

"तुझा प्रिंटर फार विश्वासू दिसतो," त्या म्हणाल्या. मग आवाज चढला. "सात महिने मी त्याचा शब्द ऐकायला कान लावून बसलेय, आणि तू मध्येच त्याचा आवाज काढतोस? तो गप्प असेल तर राहू दे गप्प!"

मी खिशातल्या सुरळ्या पुढे केल्या. त्यांनी एक ओढली. त्यात कोणीतरी देवालाच विचारत होता, किती दिवस तोंड फिरवून बसणार आहेस म्हणून. मावशींनी सुरळी माझ्यासमोर धरली. "बघ, हाही माझ्यासारखाच वैतागलेला. आणि प्रभूनं हे खोडलं नाही रे. आपल्याच पुस्तकात ठेवलं." आत जाऊन त्यांनी ते काकांना दोनदा वाचून दाखवलं, अगदी सावकाश.

काका महिन्याभरात गेले. 'रूथ' म्हणाले नाहीत. नगरला परतताना मावशींनी पेटी माझ्या हातात कोंबली. "प्रिंटरपासून लांब ठेव."

आता माझी आई तिकडे भारतात आयसीयूत आहे आणि इथे माझी रजा मंजूर होत नाही. आज सकाळी सुरळी काढली. आळशी माणसाची तंबी. गुपचूप परत टाकून दुसरी घेणार होतो. मग कमरेवर हात ठेवले, डोळे उघडे ठेवले आणि ओरडलो, "प्रभू, काय चाललंय तुझं?"

उत्तर आलं नाही. पण रिकाम्या खोलीत कोणी एवढ्या मोठ्यानं भांडत नाही.