नऊ कलमांचा बंदोबस्त

विडा लावा आधी, मग सांगतो. माझ्या हातून जे घडलं ते चारचौघांत सांगण्याजोगं नाही, पण तुम्ही काही चारचौघं नाही.

मी तेव्हा श्रीमंतांच्या कचेरीत कारकून होतो. बुधवार पेठेत बाजाराच्या दिवशी खराडी-वाघोलीकडच्या बैलगाड्या समोरासमोर येऊन अडायच्या. त्यावर मी महिनाभर खपून नऊ कलमांचा बंदोबस्त लिहिला. गाड्यांनी रविवार पेठेकडच्या चौकीने आत यायचं, कसब्याकडच्या चौकीने बाहेर पडायचं. साधं होतं ना?

आमचे थोरले कारकून रावजी. त्यांनी नऊही कलमं वाचली आणि म्हणाले, "अक्षर सुरेख आहे. बैलांना वाचून दाखवलंत का?"

मला वाटलं, जळतात.

हुकूम मंजूर झाला. दोन्ही चौक्यांना द्यायचे कागद मीच लिहिले. बाजाराच्या दिवशी सकाळी रविवार पेठेकडच्या चौकीवर जाऊन उभा राहिलो. गाड्या एकामागून एक शिस्तीत आत चालल्या होत्या. छाती भरून आली हो माझी. मीही त्यांच्यामागून पेठेत शिरलो.

दुपारपर्यंत पेठेत पाय ठेवायला जागा उरली नाही. गाड्या येतच होत्या, जात एकही नव्हती. मागच्या गाडीचे बैल पुढच्या गाडीतली मेथी खात होते. लोक गाड्यांवरून चालत दुकानात जात होते. मी कसाबसा कसब्याच्या चौकीवर पोचलो.

तिथे म्हादू नावाचा म्हातारा शिपाई भाला आडवा धरून उभा होता.

"म्हादू, गाड्या का अडवल्यास?"

"कागद हाय," म्हणून त्याने कागद पुढे केला. मी वाचला. 'गाड्या, माणसे पेठेत सोडावी, पेठेबाहेर सोडू नयेत.' खाली माझंच सुरेख अक्षर. घाईत मी दोन्ही चौक्यांना एकच मजकूर लिहून दिला होता.

"अरे, हे चुकलंय. मीच लिहिलंय."

"मग नववं कलम बी तुमीच लिवलं आसंल?"

नववं कलम असं होतं : चौकीदाराने आपली अक्कल चालवू नये.

नवा कागद करायचा तर शिक्का हवा. शिक्का कचेरीत, कचेरी कसब्यात, आणि म्हादू मलाही बाहेर सोडेना.

माझ्यामागेच वाघोलीच्या बाळोजीची गाडी होती. पोरीचा शालू घ्यायला आला होता. शालू मांडीवर धरून बसला होता आणि त्याच दिवशी गोरज मुहूर्तावर तिचं लग्न होतं. तो ओरडला नाही, भांडला नाही. नुसता उन्हाकडे बघत होता. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात गलका ऐकून रावजी कसब्याच्या बाजूने आले. त्यांनी म्हादूकडून कागद घेतला, सावकाश वाचला.

"म्हादू, यात पेठ कोणती लिहिली आहे?"

"पेठ म्हंजी पेठ."

"आणि मी उभा आहे ती?"

"ती कसबा पेठ."

"मग कागदाप्रमाणे या गाड्या कसबा पेठेत सोड."

म्हादूने क्षणभर विचार केला आणि भाला उभा धरला. रावजी माझ्याकडे वळले. "पेठेचं नाव लिहायला विसरलात, म्हणून निभावलं. एका चुकीला दुसरी धावून आली." एवढं बोलून ते जेवायला गेले.

पहिली गाडी बाळोजीची सुटली. जाता जाता त्याने माझा दंड धरला. "चला, लगनाला चला." मी नको नको म्हणत असताना त्याने मला वर ओढून घेतलं, आणि बैल असे पिटाळले की वाघोली येईपर्यंत माझी हाडं खिळखिळी झाली. पण मुहूर्त गाठला. शालूतली पोर बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

पंगतीत मला पहिला पाट. बाळोजी स्वतः वाढत होता. मला राहवेना. म्हटलं, "बाळोजी, माझ्यापायी एवढा त्रास झाला, आणि वर हा मान?"

"मान न्हवं, कारकून," तो माझ्या पानात तूप ओतत म्हणाला. "नवरदेव पुण्याचा हाय. वरात उद्या तुमच्याच चौकीवरनं जायाची. ती घरला पोचस्तवर तुमी हितंच बरं."