एक कोरडा शिमगा

माझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल लिहायचं म्हणजे आधी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला हवी. ती मी गेली कित्येक वर्षं मनातल्या मनात मारून घेतोच आहे, पण त्याने कुणाचं काही भलं झालेलं नाही. म्हणून आता लिहून टाकतो. वाचणाऱ्याने मला नावं ठेवली तर माझी ना नाही.

लडकू त्याचं नाव. डोळखांबच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्याचं गाव. घरची थोडी भातशेती, वर माळावर नाचणी. मी मुरबाडच्या बाजूला लोकलबोर्डाच्या शाळेत मास्तर. माझी धाकटी बहीण जिवली त्याला दिली ती मीच, स्थळ बघून, चौकशी करून. चौकशीत 'मुलगा पितो का' एवढं विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, विचारलंच नाही. मोहाची दारू न पिणारा माणूस त्या डोंगरात शोधायला मला सुट्टी पुरली नसती.

लडकू मारझोड करणारा नव्हता. पिऊन तो नुसता हरवायचा. बांधावर, ओढ्याच्या काठाला, कुणाच्या गोठ्यात, कुठेही आडवा व्हायचा. सकाळी उठला की आदल्या दिवसाचं काही म्हणता काही आठवायचं नाही. मग जिवलीसमोर उकिडवा बसून विचारायचा, "काल मी काय केला गो?" ती सांगेल ते खाली मान घालून ऐकायचा. एकदा तिने रागाच्या भरात न घडलेलीच गोष्ट सांगितली, की तू माझ्या आईच्या नावाने शिव्या दिल्यास. त्याने तीही कबूल केली आणि दिवसभर जेवला नाही. हे जिवलीने मला हसत हसत सांगितलं होतं, आणि मीही हसलो होतो.

त्याला सुधारायचं मी मनावर घेतलं. मास्तराला येऊन येऊन काय येतं, तर भाषण. मी त्याला तीनदा शपथ घ्यायला लावली. एकदा नारळावर हात ठेवून, एकदा गावदेवासमोर आणि तिसऱ्यांदा माझ्या शाळेत, पोरांसमोर. चाळिशीला टेकलेल्या माणसाला मी फळ्यापाशी उभं केलं. "परत पिनार नाय," असं तो म्हणाला, पोरं फिदीफिदी हसली, आणि परतीच्या वाटेवर पहिल्याच गुत्त्यात तो शिरला. तेव्हा मला त्याची चीड आली होती. आज माझी येते.

मग १९३८ चा वैशाख आला. भाताचं रोप टाकायच्या आधी आमच्याकडे जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. खाली शेण, त्यावर ऐनाची सुकलेली टहाळं, म्हणजे डहाळ्या, त्यावर पालापाचोळा आणि वर माती असे थर रचायचे नि पेटवायचे. पेटवायचे ते वारा पडलेला असताना, आणि वारा जिकडे जातो त्या टोकाकडून. म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते आणि माती सावकाश भाजते. तिथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. लडकूने भर दुपारी, पिऊन, उलट्या टोकाला काडी लावली. आग एका दमात राब ओलांडून शेजारच्या जनाच्या पेंढ्यावर गेली आणि तिथून गोठ्यावर. जना एकटी विधवा बाई. गोठ्यात तिची गाभण म्हैस दाव्याला बांधलेली होती, ती सोडवायला कुणी पोहोचेपर्यंत छप्पर खाली आलं. लडकू तेव्हा करवंदीच्या जाळीपाशी झोपला होता. दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा जिवलीने त्याला हाताला धरून नेलं आणि ती म्हैस दाखवली.

त्याच दिवशी ती माझ्याकडे निघून आली. पंचांनी लडकूची म्हैस जनाच्या दारी बांधली आणि वर ठरवलं, की पुढच्या सालचा जनाचा सगळा राब लडकूने रचून द्यायचा. जिवलीची अट वेगळी होती. तिने निरोप धाडला, "एक शिमगा कोरडा काढ. धुळवडीला मी येते. प्यालेला दिसलास तर पुन्यांदा तोंड बघनार नाय." शिमग्याला तिकडे आधी होळीला दारूची धार पडते, मग घराघरातल्या माणसांना. पाच-सात दिवस गाव शुद्धीवर नसतं. लडकू तेवढे दिवस कोरडा राहील असं मला क्षणभरही वाटलं नाही.

दोन घरांचा राब म्हणजे शेकडो ओझी टहाळ. एकट्याचं काम नव्हे. वरच्या ठाकरवाडीतला नामा टहाळ तोडण्यात पटाईत होता, पण लडकूबरोबर झाडावर जायला कोण तयार होणार? नामा तयार झाला. "मला खाली वझी बांधायला मानूस पायजेच हाय," एवढंच तो म्हणाला.

माघात मी बघायला गेलो, खरं म्हणजे पकडायला गेलो. माळावर ऐनाच्या एका उंच झाडाखाली नामा बिडी ओढत बसला होता आणि झाडाच्या मध्यावरून टहाळं सपासप खाली पडत होती. वर लडकू होता. कमरेला कोयता अडकवायची लाकडी आकडी, अंगावर फक्त लंगोटी. शेंडा राखून, बुंध्याकडचे फुटव्याचे डोळे न दुखावता, नीट काम चाललं होतं.

"ह्याला वर कसं सोडलंस?" मी नामाला विचारलं.

"म्हयनाभर नाय सोडला," नामा म्हणाला. "रोज सकाळी हातावर ऐनाचा सुकलेला पान ठेवायचो. पान हाललं का खाली बस, पाला गोळा कर. एक दिस पान हाललं नाय. मंग म्हनलं, चढ."

"आणि शपथ?"

"कसली शपथ? मी पितो मास्तर. पन झाडावर जायाच्या दिशी नाय. ह्याला मी रोजच झाडावर नेतो."

लडकू खाली उतरला. पोटऱ्या सोललेल्या, छाती सालीने खरचटलेली, डोळे मात्र पांढरे स्वच्छ. मला बघून तो आधी ओशाळला. मग म्हणाला, उन्हं कलली की घसा अजून मागतो, त्या वेळी नामा मुद्दाम सगळ्यांत उंच झाडावर धाडतो. वर फांदी, पाय आणि कोयता यांपलीकडे काही सुचत नाही. खाली आलं की ओढ्यात बुडी मारायची, भाकर खायची आणि झोपायचं. "मास्तर, मला आता कालचा आठवतो," तो म्हणाला. "काल सात झाडं केली. परवा पाच." हे सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. मी काय केलं, तर बोलता बोलता जवळ सरकून त्याच्या तोंडाला वास येतो का ते बघितलं. त्याच्या ते लक्षात आलं.

होळीच्या दिवशी गावात दारू फिरू लागण्याआधीच नामा त्याला घेऊन रानात गेला. त्या साली मोह लवकर फुलला होता. दोघांनी मोहाची फुलं वेचली, कारण लहानीने, नामाच्या बायकोने, ती मागितली होती. फुलांचं गाठोडं लडकूने पाठीला बांधलं. रात्र त्यांनी माळावरच काढली. धुळवडीच्या सकाळी नामा म्हणाला, आता घरी जा, बायको येईल. लडकू म्हणाला, जनाच्या राबाला एकच झाड कमी आहे, तेवढं करून जातो. नामा टहाळाचं ओझं घेऊन पुढे झाला. रात्रीच्या गारठ्यासाठी घातलेला सदरा लडकूच्या अंगात आणि फुलांचं गाठोडं पाठीला तसंच होतं.

हे सगळं मला नंतर कळलं. मला त्या दिवशी दिसलं ते एवढं.

मी आणि जिवली पहाटे निघून, शाई नदीचं पात्र ओलांडून दुपारी गावच्या शिवेवर पोहोचलो. जिवलीने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि वाटभर ती बोलत होती. समोरून बांधावरून लडकू आला. झोकांड्या खात आला. एकदा पडला, हाताने चाचपडत उठला. केसांत, कपाळावर लाल रंग. अंगाला मोहाचा आंबूस दर्प, चार हातांवरूनही येत होता.

जिवली जागच्या जागी थांबली. मला, खोटं कशाला सांगू, आतून बरं वाटलं. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. मी पुढे झालो, त्याच्या सदऱ्याला धरलं आणि ओरडलो, "प्यालास ना? आजच्या दिवशीसुद्धा प्यालास ना?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग सदऱ्याची बाही नाकाशी नेऊन हुंगली. त्याचा चेहरा पार पडला. हात जोडून तो म्हणाला, "व्हय मास्तर. प्यालो आसंन. चुकला माझा."

मी जिवलीच्या दंडाला धरलं आणि मागे फिरवलं. ती रडली नाही. नदीपर्यंत ती माझ्या पुढे झपाझप चालली.

पाचव्या दिवशी शाळा चालू असताना नामा दारात उभा राहिला. आठ कोस चालत आला होता. वर्गातल्या पोरांदेखत तो मला म्हणाला, "मास्तर, तुमी शिकल्यालं मानूस. रंग कोनचा नि रगत कोनचा, तुमाला कळला नाय?"

लडकू त्या शेवटच्या झाडावरून पडला होता. डोकं दगडावर आपटलं होतं, त्या दगडावरचं रक्त नामाने जाऊन बघितलं होतं, आणि पाठीखाली आलेलं मोहाचं गाठोडं चेचून फुलांचा रस सगळ्या कपड्यांत मुरला होता. दिवसभर बांधलेल्या फुलांना दारूचाच वास येतो, हे त्या मुलखातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. झाडावर चढल्यानंतरचं त्याला काही आठवत नव्हतं. न आठवणं म्हणजे काय, याचा त्याला आयुष्यात एकच अर्थ माहीत होता.

"मी त्याला लाख सांगितला," नामा म्हणाला. "अरं, तू माझ्यासंगं व्हतास, वढ्याच्या पान्याबिगर काय प्यालास? तर म्हनतो, मास्तर खोटं कसं बोलतील?"

आणि मग नामाने उरलेलं सांगितलं. दोन दिवस लडकू घरात पडून होता. तिसऱ्या दिवशी, मोडलंच आहे तर आता कशासाठी धरून बसायचं, असं म्हणून तो उठला आणि खरोखर प्याला. शिमगा त्याने निभावला होता. त्याला पाजली मी.

त्याच दिवशी मी जिवलीला घेऊन निघालो. लडकू ओटीवर भिंतीला टेकून बसला होता, डोक्याला लहानीने बांधलेली पट्टी. मी त्याच्यासमोर खाली बसलो. बोलायची सगळी तयारी केली होती, पण तोंडातून एवढंच निघालं, "लडकूराव, त्या दिवशी तुम्ही प्यालेले नव्हता. मी चुकलो." त्याने ते दोनदा म्हणायला लावलं. मग तो हमसून रडू लागला आणि म्हणाला, "आज प्यालोय हो मास्तर. आज खराच प्यालोय."

जिवली माझ्या बाजूने पुढे गेली, घरात शिरली आणि चूल पेटवू लागली. आतूनच म्हणाली, "दादा, तू आता जा." मी गेलो.

नामाने पुन्हा महिनाभर त्याच्या हातावर पान ठेवलं. जनाचा राब वेळेवर रचला गेला, आणि वारा पडल्यावर, बरोबर टोकाकडून लडकूनेच पेटवला. त्यानंतर तो प्याला नाही. दर हिवाळ्यात टहाळ तोडायचा, उरलेलं वर्ष काही ना काही काढून रानात असायचा. हिरडे वेचायला, करवंदीची कुंपणं घालायला. जिवलीचा संसार झाला. लोक म्हणायचे, मास्तरांनी सुधारला. मी कधी नाही म्हटलं नाही, ही आणखी एक लाज.

तो मला मान द्यायचा, पूर्वीसारखाच. फक्त एक गोष्ट होती. मी कधीही गेलो, सकाळ असो की दुपार, तो आधी माझ्याजवळ येऊन उभा राहायचा, तोंड उघडायचा आणि माझ्या नाकासमोर श्वास सोडायचा. "हुंगा मास्तर," म्हणायचा. टोमणा नव्हता त्यात. मी नको म्हटलं तरी हलायचा नाही. आपण प्यालेलो नाही, हे माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय त्याला खात्रीच वाटत नसे. जिवली तोंड फिरवून आत जायची.

१९४७ च्या पावसाळ्यात तापाने तो गेला. आदल्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा शुद्ध येऊन-जाऊन होती. मी जवळ बसलो तसा त्याने मला ओळखलं आणि मान उचलायची धडपड केली. ती उचलेना. मग मीच वाकलो, त्याच्या तोंडाशी नाक नेलं आणि म्हणालो, "नाही लडकूराव. नाही प्यालात."