न वाजवलेलं दार

घानातल्या कुमासी शहरात उघड्यावर झोपणाऱ्यांवर विद्यापीठाचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा माणसांना बोलतं करायला पोकुआला नेमलं. बाई भारी बोलघेवडी. शिवाय नवऱ्याने हाकलल्यावर बाजारातल्या ओट्यांवर तिने स्वतः दिवस काढलेले. घर का गेलं, हा विद्यापीठातल्या साहेबांचा प्रश्न ती विचारायचीच, पण पुढे आपला एक जोडायची, "आणि कुणाचं दार वाजवायचं टाळलंत?"

गाडीतळावर ओरडून उतारू गोळा करणाऱ्या बाफूर मामांनाही तिने तेच विचारलं. मामांनी हयातभर बायकोच्या जागेत संसार केला. आमच्याकडे जागा आईच्या कुळातच राहते; ती गेली आणि तिच्या बहिणीच्या मुलांनी त्या रीतीप्रमाणे जागा घेतली.

"मग तुमच्या आईचं घर? तिथे तुमची खोली कोण नाकारणार?"

"धाकट्या बहिणीच्या मर्तिकाला गेलो नाही मी," मामा पुटपुटले. "आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

आमच्याकडे लग्न चुकवलेलं खपतं, मर्तिक नाही.

"ह्याच तोंडाने. दुसरं आहे का? दाढी तेवढी करा."

रविवारी पोकुआने त्यांना त्यांच्या आईच्या गावी, मामपॉन्गला जाणाऱ्या गाडीत कोंबलं आणि स्वतःही चढली. दारी आलेल्याला आधी पाणी द्यायचं, मग येण्याचं कारण विचारायचं, ही रीत. ते कारण मामा वाटभर घोकत होते. पोकुआ त्यांची थट्टा करत होती, पण मनात जाणून होती: तिथून परत फिरला, तर हा माणूस पुन्हा कुणाचंच दार वाजवणार नव्हता.

अंगणात थोरली बहीण सेरवा उखळात उकडलेल्या कंदांच्या फुफूचा गोळा फिरवत होती, भाची मुसळ चालवत होती. सेरवाने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा गोळा फिरवू लागली. पाण्याचं नाव नाही. मामांचा चेहरा पडला. ते माघारी वळले.

"कुठे निघालास रे?"

"अक्का, तू पाणीसुद्धा दिलं नाहीस..."

"पाणी पाहुण्याला देतात! तू पाहुणा कधीपासून झालास? माठ आहे तिथेच आहे, जाऊन पी. मग हे मुसळ धर, पोरीचे हात भरून आलेत. धाकटीसाठी रडायचंय ना? जेवून रडू दोघं."

मामा माठाकडे गेले. किती तरी वेळ त्यांनी तोंडावर पाणी मारलं.

सेरवाने तांब्या भरून पोकुआपुढे ठेवला. "पाहुणी तू. बोल बाई, काय काम काढलंस?"

"झालं काम, आजी," पोकुआ म्हणाली आणि घटाघटा पाणी प्याली.