वहिनीच्या आवाजाची केस

वहिनी ऑपरेशननं गेली नाही. ऑपरेशननं तिचा आवाज गेला होता.

वहिनी गेली काल सकाळी. हार्ट अटॅकनं. केम गावातल्या घरी, चहा ठेवता ठेवता.

हे आधीच सांगते, कारण कालपासून फोनवर जो तो विचारतोय, "त्या ऑपरेशनमुळंच ना?"

नाही. आणि नसलेली चूक कुणाच्या माथी मारलेली तिला चालली नसती.

सुमनवहिनी. माझ्या थोरल्या भावाची, तानाजीदादाची बायको. झेडपीच्या शाळेत बाई. तिसरीच्या वर्गात कविता म्हणायला लागली की रस्त्यानं जाणारी माणसं पुढची ओळ म्हणायची, असा आवाज.

काही वर्षांपूर्वी तिच्या गळ्याला थायरॉईडची गाठ आली. सोलापुरात एका खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. आम्ही पेढे वाटले.

पण शुद्धीवर आल्यावर वहिनी बोलायला गेली आणि तोंडातून नुसती हवा आली.

सर्जन म्हणाले, "सूज आहे. उतरेल."

पुढच्या चेकअपला तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. पाणी पिताना ठसका लागतो, हे ती खुणेनं सांगत होती, आणि तोवर पुढच्या पेशंटला हाक गेली होती.

शेवटी मी तिला पुण्याला घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी दुर्बीण घालून बघितलं. एक स्वरतंतू हलतच नव्हता.

"लवकर आला असतात तर बराच फरक पडला असता," ते म्हणाले. वाईट वाटून म्हणाले.

दादा पेटला. "उद्या चार पोरं घिऊन जातो. हॉस्पिटल शाबूत ठेवत न्हाय."

वहिनीनं त्याचा हात धरला. तेव्हा तिचं बोलणं ऐकायला जवळ वाकावं लागायचं.

"काचा फोडून माझा आवाज येणार हाय का? मला त्यांना विचारायचंय. कुटं विचारतात ते बघा."

पहिल्यांदा ज्या वकिलाकडं गेलो, तो पाचच मिनिटांत म्हणाला, "हमखास जिंकून देतो. सही करा."

वहिनी बाहेर येऊन म्हणाली, "ह्यानं बी ऐकलंच न्हाय की."

मग ओळखीतून हिरेमठ मॅडम मिळाल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही थांबवलं नाही. मग म्हणाल्या,

"आवाज गेला, एवढ्यावर केस उभी राहत नाही. ह्या ऑपरेशनमध्ये आवाजाची नस दुखावू शकते. चांगल्या सर्जनच्या हातूनही."

दादा खुर्चीवरून उठायलाच लागला.

"बसा. मला दोन गोष्टी सांगा. हा धोका आधी कुणी समजावला होता का? आणि आवाज येत नाही म्हटल्यावर कुणी तपासलं का?"

"सही घेतली," वहिनी म्हणाली. "थेटरच्या दारात. स्ट्रेचरवर. समजावलं न्हाय कुणी. तपासलं बी न्हाय."

"सही घेणं म्हणजे समजावणं नाही. केस असेल तर इथं आहे."

मग त्यांनी आम्हाला समजेल अशा भाषेत सांगितलं. हॉस्पिटलकडं सगळे केसपेपर लेखी मागा, तो पेशंटचा हक्क आहे. दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांचं मत लेखी घ्या. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, म्हणून बसून राहू नका. आणि निकालाला वेळ लागेल. दमणार असाल तर आत्ताच सांगा.

"मी तिसरीला शिकवते मॅडम," वहिनी म्हणाली. "मला थांबायची सवय हाय."

थांबावं लागलंच. तारखा पडत गेल्या. वहिनी कमरेला छोटा स्पीकर आणि तोंडाशी माइक लावून वर्ग घ्यायची, दुपारपर्यंत दमायची. तारखेला रजा टाकून सोलापूरला यायची, माझ्याकडं जेवायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत.

एका तारखेला आयोगाच्या अध्यक्षांनी तिलाच काहीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं.

"जरा मोठ्यानं बोला."

"एवढाच निघतो साहेब. त्यासाठीच आलेय."

समोरच्या बाजूला सर्जन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

निकाल असा लागला: ऑपरेशन करताना चूक झाली असं सिद्ध होत नाही. पण धोका आधी सांगितला नाही, आणि तक्रार केल्यावर तपासलं नाही. हा निष्काळजीपणा आहे. भरपाई द्यावी.

दादाचं तोंड उतरलं. "म्हंजी अर्धंच जिंकलो."

वहिनीनं निकालातलं वाक्य मॅडमकडून परत वाचून घेतलं. पूर्ण.

"जेवढं झालं तेवढंच लिहिलंय," ती म्हणाली. "मला एवढंच पायजे होतं."

माफी मात्र कुणी मागितली नाही. तिनं वाटही बघितली नाही.

त्यानंतर गावात कुणाचं ऑपरेशन ठरलं की बायका तिला सोबत न्यायच्या. गेल्या महिन्यात शेजारच्या रखमाकाकूंचं गर्भाशयाचं होतं. काकूंना फॉर्म दिला गेला, तेव्हा वहिनी डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "ह्यात काय काय बिघडू शकतं, ते काकूंना सांगाल का? आणि बिघडलं तर आमी कुणाला फोन करायचा?"

डॉक्टरीण तरुण पोरगीच होती. तिनं फॉर्म बाजूला ठेवला, कागदावर चित्र काढलं आणि सगळं सांगितलं. काकूंनी शंका विचारल्या. मग म्हणाल्या, "कळलं. आता करा."

काल, स्मशानात बायका येत नाहीत म्हणून, कुणीतरी काकूंना अडवलं. ऑपरेशनला महिनाही झाला नव्हता.

काकू म्हणाल्या, "दवाखान्यात ती माझ्यासंगं आत आली हुती," आणि चालत शेवटपर्यंत आल्या.

वहिनी, नीट जा.

तुझी नणंद म्हणवून घेताना मला कायम बरं वाटलं. हे तुला सांगायचं राहिलं.