दोक्सूच्या खोलीचा कागद

योम दोक्सूने आयुष्यात शेकड्यांनी भिंतींना कागद लावला, पण त्यातली एकही भिंत त्याची नव्हती. बारा वर्षांचा असताना घरच्यांनी त्याला डोंगरातल्या एका मोठ्या संस्थेत नेऊन सोडलं. पोरगं बुद्धीने मागे, बोलायला सावकाश, घराला जड झालं. सोडलं आणि मोकळे झाले. तिथे तो चाळीस वर्षं राहिला. एकेका खोलीत पंधरा-पंधरा माणसं, गाद्या एकीला एक चिकटून. दर वसंतात सगळ्या खोल्यांचा कागद बदलायचा, आणि ते काम तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराने दोक्सूला शिकवलं. खळ शिजवताना गुठळी राहू द्यायची नाही, खळ लावलेला कागद दुमडून थोडा मुरू द्यायचा, मग वरून खाली चढवायचा. एक वाक्य पुरं करायला अर्धा मिनिट घेणारा हा माणूस, पण हातात कागद आला की नुसतं बघत राहावं.

सहा वर्षांपूर्वी त्याला जेचन शहरातल्या एका लहानशा निवासात आणलं. विटांच्या इमारतीचा दुसरा मजला, चार पुरुष, आणि त्यांचं सगळं बघणाऱ्या ह्वांगबो मिरानबाई. इथे दोक्सू बोंगशिकच्या खोलीत झोपायचा. बोंगशिक स्वभावाने सोन्यासारखा, पण घोरणं असं की खालचे भाडेकरू वर येऊन चौकशी करत. डिसेंबरात मिरानबाईंनी अडगळीची खोली रिकामी केली आणि म्हणाल्या, "दोक्सूभाऊ, आजपासून ही तुमची. एकट्याची."

दोक्सू आत जाऊन मधोमध उभा राहिला. दोन्ही हात पसरले तर बोटं जवळजवळ भिंतींना लागत होती. जुना कागद बुरशीने काळा पडला होता. आठवडाभर खपून त्याने तो सगळा खरवडला, आणि मग बाईंना गाठून सांगितलं, "कागद... मी लावणार." त्या दिवसात त्याने हे तीनदा सांगितलं. बाई तिन्ही वेळा हो म्हणाल्या. त्याने इतकं मनापासून कधी काही मागितलेलंच त्यांना आठवत नव्हतं.

पण जानेवारीच्या सुट्टीत सेऊलहून एका चर्चची तरुण मंडळी यायची होती. घर दुरुस्त करून द्यायला, फुकट, सेवा म्हणून. बाईंनी तसा अर्ज शरदातच केला होता, आणि फुकटची मदत कोण सोडतं? चौदा मुलंमुली आली, सगळ्यांच्या अंगात हिरवी जाकिटं, बरोबर कागदाची भेंडोळी, आणि त्यांचे प्रचारक प्यो जेहून. प्योंनी आल्या आल्या जिन्यात फलक बांधला आणि बाईंपुढे कमरेतून वाकले. बाई म्हणाल्या, "चार खोल्या करा. ती लहान खोली राहू द्या, एवढे कष्ट नको."

आता बोला! हे वाक्यच असं की ऐकणाऱ्याने त्याचा उलटाच अर्थ घ्यावा. आमच्याकडे एकदा नको म्हणणं ही रीत आहे. चहा नको, जेवण नको, कष्ट नको. समोरच्याने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आग्रह करायचा, मग माणूस लाजत हो म्हणतो. खरंच नको असेल त्याने तीनदा म्हणावं. दोक्सूही दारात उभं राहून प्योंना म्हणाला, "ही... मी लावणार." तेही एकदाच. प्यो हसले. "अहो काका, तुम्ही बसा! आम्ही कशाला आलोय मग?"

म्हणजे दोघांनाही त्यांनी रीतीप्रमाणेच ऐकलं. वाईट मनाचा माणूस नव्हता तो.

शनिवारी चार खोल्या दुपारपर्यंत आटोपल्या. मग प्योंनी ठरवलं, काकांना चकित करायचं. दोन मुली मिरानबाईंना आणि चौघा पुरुषांना काळ्या रश्शातल्या जाजांग नूडल्स खायला घेऊन गेल्या. "घराला वास येतोय, चला, तेवढंच बाहेर पडणं!" बाईंच्या मनात काही आलं नाही. दोक्सूने मोठा वाडगा संपवला, वर बोंगशिकच्या वाटणीचा खारवलेला मुळाही खाल्ला.

चार वाजता परतले तर जिन्यापासून टाळ्या. दोक्सूला खांद्याला धरून त्याच्या खोलीपाशी नेलं. सोयुल नावाची अकरावीतली मुलगी मोबाइल धरून उभी होती. दार उघडलं. चारही भिंतींना निळा कागद, त्यावर पांढरे ढग. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाच्या खोलीला बाळाच्या खोलीचा कागद!

"आवडलं का, काका? सांगा ना, आवडलं?"

दोक्सू आत गेला. त्याने भिंतीला तळवा लावला. खळ ओली होती. मग तो कोपऱ्यात गेला, नखाने कागदाचं टोक उचललं आणि वरून खाली ओढायला लागला. ओला कागद न फाटता अख्खाच्या अख्खा सुटत आला. तो त्याने दुमडला, खाली ठेवला आणि शेजारच्या पट्टीला हात घातला.

"काका, उलटा लागलाय का?" प्योंनी विचारलं.

"दोक्सूभाऊ!" बाईंचा आवाज चढला. "पाहुण्यांसमोर हे काय चालवलंय? मुलं दोन दिवस राबली आहेत."

दोक्सू थांबला. वळला. त्याचं तोंड हलायला लागलं आणि सगळ्यांना वाट बघावी लागली.

"माझी... खोली आहे. मी... सांगितलं होतं."

सोयुलने मोबाइल खाली घेतला. बाईंचा चेहरा पडला. त्या प्योंकडे वळून म्हणाल्या, "सांगितलं होतं त्यांनी. मला तीनदा सांगितलं होतं. आणि मी तुम्हाला काय सांगितलं, तर कष्ट नको. माझीच चूक."

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आवाज आला. टक्. मग पलीकडून आणखी एक, टक्. दोक्सूने मान वर केली, पायाखालची फरशी तळव्याने चाचपली आणि सगळ्यांना बाजूला सारत स्वयंपाकघरात गेला. फरशीखालून गरम पाणी फिरवणारा बॉयलर पार वरपर्यंत चढवलेला. थंडीत काकांचे पाय गारठायला नकोत म्हणून मुलांनी चढवला होता. फरशी तापली की खळ भसकन सुकते, कागद आकसतो आणि कोपऱ्यांत फुटतो. त्याने बॉयलर बंद केला.

"खिडक्या लावा. पाणी आणा... स्पंज आणा."

आणि काय सांगू, त्या सेवेकऱ्यांनी त्या दिवशीची खरी सेवा तेव्हा केली! चौदा जण चार खोल्यांत भिंती ओल्या करत होते आणि दोक्सू मागे हात बांधून फिरत होता. "हलका हात. चोळू नको. तू काय... भांडी घासतेस?" सोयुल हसली, मग तिला रडूच आलं.

"काका, मला वाटलं तुम्हाला आवडेल."

"वाटतं," दोक्सू म्हणाला. "विचारावं."

चारही खोल्या वाचल्या. रविवारी जाताना प्योंनी फलकापुढे सगळ्यांचा फोटो काढायचा म्हटलं, आणि या वेळी दोक्सूला विचारलं. दोक्सू नको म्हणाला. प्योंचं तोंड पुढच्या आग्रहासाठी उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं.

पुढच्या आठवड्यात दोक्सूने दुकानात नमुन्यांची वही दोन तास चाळली आणि साधा, फिकट बदामी कागद निवडला. लावायला चार दिवस लागले. हात आता पूर्वीचे राहिले नाहीत. बोंगशिक स्टूल धरून फुकटचे सल्ले देत होता. खिडकीशेजारचा एक जोड बोटभर तिरका गेला, तो दोक्सूने बराच वेळ बघितला आणि तसाच ठेवला.

काम संपलं त्या दुपारी त्याने आत जाऊन दार लावून घेतलं. मिरानबाई नासपती कापून घेऊन आल्या. सहा वर्षांत त्या घरातलं कुठलंही दार त्यांनी वाजवून उघडलं नव्हतं. ढकलायचं आणि आत जायचं. आजही हात मुठीवर गेला. तो त्यांनी काढून घेतला आणि दार वाजवलं.

"कोण?"

"मी, मिरान. नासपती आणलीय."

बाई ताटली धरून थांबल्या.

"आत्ता नको."

'थोडी तरी घ्या हो' हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या परत फिरल्या. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सगळी नासपती त्यांनी स्वतःच खाऊन टाकली, आणि खाताना त्यांचे डोळे वाहत होते.