मालूआत्या ओरडली तो दिवस

मालूआत्याला कधी काही दुखतच नसे. हातावर उकळतं तेल सांडलं तरी ती हात पदराखाली घ्यायची आणि म्हणायची, "चालायचंच रे, त्यात काय!" मला अस्सा राग यायचा! या 'चालायचंच'पायी, शुगरमुळे तिचा डावा डोळा गेला. आम्हाला ते कळलं कधी, तर ती चहा कपाच्या बाहेर ओतायला लागली तेव्हा.

नवरा गेल्यावर ती देवासला आमच्याकडे, म्हणजे भावाच्या घरी आली, ती कायमचीच. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला कधी परकं मानलं नाही. पण या घरात आपण आवाज करायचा नाही, हे तिच्या मनाने घेतलं होतं.

पुढे उजव्या डोळ्याच्या पडद्यालाही सूज आली. डोळ्यात इंजेक्शन घ्यायला मी तिला इंदूरला नेऊ लागलो. तिथली नर्स मोठी खमकी. "माताजी, आँख मसलना नहीं, पानी जाने देना नहीं. थोड़ी लाली चलेगी. पर दर्द बढ़ा या धुंधला दिखा, तो सहन नहीं करना. उसी दिन आना, शोर मचाना!" आत्याने मान डोलावली. मी मनात म्हटलं, ही आणि शोर! झालंच मग!

एका इंजेक्शननंतर तिसऱ्याच दिवशी माझ्या लेकीचा साखरपुडा होता. व्याही मंडळी धारहून आलेली. मी सकाळी आत्याला डोळ्याचं विचारलं, तर "छान आहे" म्हणाली. आता अंगठ्या घालायच्या, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला, "थांबा!"

आत्या उभी होती. डोळा लालभडक. "माझा डोळा दुखतोय! वाढतच चाललंय. सगळं धुरकट दिसतंय. मला आत्ता इंदूरला न्या!"

मुलाचे काका समजुतीने म्हणाले, "अरे भिया, इंजेक्शन के बाद इतना तो होताच आहे. गुलाबजल घाला, कार्य उरकू द्या, उद्या न्या आरामात."

"गुलाबजल नको आणि उद्याही नको," आत्या म्हणाली. "एकच डोळा उरलाय हो माझा."

माझ्या लेकीने अंगठी डबीत परत ठेवली. "बाबा, गाडी काढा," ती म्हणाली, आणि तिचा होणारा नवरा आत्याच्या चपला शोधायला धावला.

डोळ्यात जंतुसंसर्ग झाला होता. त्याच दुपारी आत औषध सोडलं. "उद्यावर टाकलं असतं तर डोळा हाती लागला नसता," डॉक्टर म्हणाले. डोळा वाचला. नजर हळूहळू, बरीचशी परत आली.

पण मला आठवते ती त्या संध्याकाळची आत्या. डोळ्यावर पट्टी, दवाखान्याच्या बाकावर बसून हमसून हमसून रडत होती. उभ्या आयुष्यात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. घाबरून विचारलं, "फार दुखतंय का गं?"

"नाही रे," ती म्हणाली. "भर कार्यात मी एवढी ओरडले, आणि कुणी रागावलंच नाही."