लाल शाईतला 'ता'

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. मराठीचा मास्तर होतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की हात आपोआप लाल शाईच्या दौतीकडे जायचा. नातेवाइकांच्या लग्नपत्रिकासुद्धा माझ्या तावडीतून सुटल्या नाहीत. बायको म्हणायची, यम न्यायला आला तरी तुम्ही आधी त्याच्या कागदातलं शुद्धलेखन तपासाल. इतक्या वर्षांतल्या दुरुस्त्यांपैकी आज मला एकच आठवते. ती एका अक्षराची होती आणि तिच्यापायी उत्रोलीच्या एका म्हाताऱ्या बाईचं वर्षाचं भात गेलं.

गोष्ट माझ्या तिशीतली, भोर संस्थान अजून होतं तेव्हाची. मी पुण्याहून भोरच्या शाळेत नोकरीला आलो त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. गावाच्या खालच्या अंगाला नदीकाठी एक राई होती. करंज, आंबा, जांभूळ, मधूनमधून उंबर. ती कुणा एकाची नव्हती. दुपारी गुरं तिथं सावलीला बसत, बायका धुणं वाळत घालत, उत्रोलीकडची माणसं बाजाराला येता-जाता तिथं भाकरी सोडत. आम्हा शिकलेल्यांना मात्र ती राई बघवत नसे. जिकडेतिकडे शेण, पाचोळा, फाटकी धुडकी. एवढी छान जागा आणि ही अवस्था, असं आम्ही एकमेकांना म्हणायचो. म्हणता म्हणता सात-आठ जण जमलो. दोन मास्तर, एक वैद्य, बाकीचे कचेरीतले कारकून. राई सुधारण्यासाठी एक मंडळ काढलं. एक निवृत्त अंमलदार अध्यक्ष झाले आणि लिहिण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

दर रविवारी सकाळी धोतर खोचून आम्ही राईत जायचो. खरं सांगतो, ते रविवार माझ्या फार सुखाचे होते. हातात कधी खडूपेक्षा जड काही धरलं नव्हतं, तिथं कुदळ धरली. तळहाताला फोड आले ते मी सोमवारी शाळेत सगळ्यांना दाखवले. आम्ही नदीच्या अंगाला तगर आणि कण्हेर लावली, दोन झाडांना दगडी पार बांधले, गुरं आत येऊ नयेत म्हणून बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि एक फाटक बसवलं. माघात पानगळ सुरू झाली तेव्हा पाचोळा झाडून झाडून फाटकाजवळच्या कोपऱ्यात त्याचा ढीग घालायला लागलो. खराट्याच्या रेघा उमटलेली स्वच्छ जमीन बघितली की मला तपासून झालेल्या वहीसारखं समाधान वाटायचं.

कुंपण झाल्यावर आठवड्याभरात उत्रोलीहून एक अर्ज आला. बाजारात बसून कुणाकडून तरी लिहून घेतलेला. खाली अंगठा. मजकूर दोन ओळींचा, त्यातली मुख्य ओळ अशी: 'राईतील आमचा राब पूर्वापार आहे तो बंद करू नये.' अध्यक्षांनी वाचला, नाक मुरडलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. "बघा मास्तर, काय म्हणतात ते."

राब म्हणजे काय ते आज मला झोपेतसुद्धा सांगता येईल. त्या भागात भाताचं रोप ज्या तुकड्यात करतात तो तुकडा आधी भाजावा लागतो. जमिनीवर शेणाचा थर, त्यावर पाचोळा आणि झाडाचे टहाळे, त्यावर गवत, वरून माती भुरभुरायची आणि पेटवून द्यायचं. त्यानं तणाचं बी जळतं आणि राखेचं खत होतं. हे सगळं जे जाळायचं त्याचं नाव राब. तो नसेल तर रोप धरत नाही, आणि रोप नाही तर पुढं लावणी कशाची करायची? भोरपासून वेल्ह्यापर्यंत लहान पोराला ठाऊक असलेला हा शब्द मराठीच्या मास्तराला ठाऊक नव्हता.

मला राबणं ठाऊक होतं आणि राबता ठाऊक होता. माणसांचा राबता, म्हणजे येणं-जाणं. पूर्वापार राबता, हे तर अगदी बरोबर बसत होतं. बिचाऱ्यांना वाट बंद होईल अशी भीती वाटली असणार आणि लिहिणाऱ्यानं घाईत अक्षर गाळलं असणार. मी दौत ओढली, 'राब'च्या पुढे काकपद दिलं आणि वर लाल शाईनं 'ता' लिहिला. मग 'आमचा राबता' झाला आणि वाक्य सुधारलं. तोच कागद उलटवून पाठीवर सुरेख अक्षरात उत्तर लिहिलं: 'राईतील राबता पूर्वीप्रमाणे चालू राहील. काळजी नसावी.' अध्यक्षांनी सही केली. दोघांनाही आपण गरिबांवर मेहेरबानी केल्यासारखं वाटलं.

पुढच्या रविवारी फाटकापाशी एक बाई उभी होती. साठीच्या पुढची, उंच, काटक, लुगड्याचा पदर घट्ट खोचलेला. अर्ज तिचाच होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी वेल्ह्याकडे दिलेली, भाताची तीन खाचरं ती एकटी करत होती. बाकीच्यांच्या बांधावर झाडं होती, त्यांना टहाळ्यांची चिंता नव्हती. हिच्या बांधावर झाड नव्हतं, म्हणून हिचा राब सासऱ्याच्या वेळेपासून या राईतून जायचा. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मी काहीच विचारलं नाही. आमच्यातले बाकीचे तिच्याशी अगं-तुगं करत. मी अहो म्हणायचो आणि तेवढ्यावर स्वतःला भला माणूस समजायचो.

"मास्तर, तुमचा कागद पोचला," ती म्हणाली. "लई बरं झालं. म्या घाबरलेवते."

"घाबरायचं काय त्यात? वाट तुमचीच आहे. खुशाल या-जा."

ती कोपऱ्यातल्या ढिगाकडे बघत होती. ढीग माणसाच्या डोक्याएवढा झाला होता. "आन् ह्ये तर तुमी आयतं गोळा करून ठिवलंया. एवढं कोन करतं आमच्यासाटी?"

मला वाटलं, साफसफाईचं कौतुक चाललंय. मी म्हणालो, "आमचं कामच आहे ते, बाई."

"देव तुमचं भलं करो. आमी होळी झाली की येतो."

होळी झाली की कशाला, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. खोटं कशाला बोलू? आला आणि गेला. तिला विचारायला मला एक क्षण लागला असता. पण मी त्या वेळी कण्हेरीचं आळं नीट गोल झालं की नाही ते बघण्यात गुंतलो होतो.

होळीच्या आधी मंडळींची बैठक झाली. दरवर्षी होळीसाठी लोक राईतल्या फांद्या तोडतात, त्याऐवजी यंदा आपण साठवलेला पाचोळा द्यावा, म्हणजे झाडंही वाचतील आणि कचराही जाईल, अशी कल्पना निघाली. कल्पना माझी. सगळ्यांनी वाहवा केली. होळीच्या संध्याकाळी दोन गाड्या भरून पाचोळा गेला. ज्वाळा देवळाच्या कळसाएवढ्या उठल्या आणि थोड्याच वेळात खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी धुळवडीत पोरांनी राख एकमेकांना फासली, उरलेली वाऱ्यानं नेली.

तिसऱ्या दिवशी ती आली. डोक्यावर एकात एक बसवलेल्या तीन पाट्या, हातात दोरखंड. मी पाराच्या दगडांमधल्या फटी भरत होतो. ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. तिथं खराट्याच्या रेघांशिवाय काही नव्हतं. तिनं पाट्या खाली ठेवल्या. मग माझ्याकडे वळली.

"राब कुठं हाय?"

"काय कुठं आहे?"

तिनं कनवटीतून कागद काढला. घड्या घालून घालून मऊ झालेला. मी तो उघडून वाचून दाखवला. राबता. राबता म्हणजे येणं-जाणं.

"येनं-जानं?" ती म्हणाली. "मला हितं येऊन काय बघायचं हाय, मास्तर?"

मग तिनं मला राब म्हणजे काय ते सांगितलं. शांतपणे, पोराला सांगावं तसं. ऐकता ऐकता मला माझी चूक कळली. आणि तरी पुढं मी जे बोललो त्याची लाज अजून गेलेली नाही. मी म्हणालो, "मग तसं नीट लिहायला नको होतं का?"

"नीटच लिवलंवतं की. त्यो मागला ता तुमी लावला. आमाला कळंना, ह्यो ता कशाला. वाचनारा म्हनला, शिकलेल्या लोकांत तसं म्हनत असतील."

मी अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाचोळ्यावर कुणाचा हक्क कसला? झालं ते झालं. आता फांद्याही तोडू देणार नाही. बाग कचऱ्यासाठी आहे की माणसांसाठी?" मी वाद घातला नाही. घालायला हवा होता. घरी आलो तर बायको, जी भोरचीच, ऐकून चकितच झाली. "अहो, राब म्हणजे राब. मला नाही का विचारायचं?" तिला विचारावं हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग मी धावपळ केली. शाळेच्या आवारातल्या पिंपळाखालची पानं, देवळामागची पानं, वैद्यांच्या परसातली पानं. शाळा सुटल्यावर धोतर खोचून मराठीचा मास्तर पोतं घेऊन फिरतो आहे, हे भोरच्या लोकांनी चार दिवस मजेनं पाहिलं. जमली किती, तर चार पोती. बाजारातून परतणाऱ्या एका गाडीत टाकून मी ती उत्रोलीला घेऊन गेलो. तिनं पोत्यात हात घालून पानं चुरून बघितली.

"एवढ्यात काय हुतंय," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "सगळीकडं पसरलं तर कुठंच भाजनार न्हाई. येका पट्टीत घालू."

रोपाच्या तुकड्याचा जेमतेम चौथा हिस्सा भरला. तिनं थर लावले, मी ओंजळीनं माती भुरभुरली. आमच्या होळीसारख्या ज्वाळा इथं नव्हत्या. दिवसभर तो राब आतल्या आत धुमसत राहिला आणि ती काठीनं कडा सावरत त्याच्याभोवती फिरत राहिली. बाकीचा तीन हिस्से तुकडा तसाच कोरा होता.

आषाढात मी पुन्हा गेलो. जायची हिंमत होत नव्हती, बायकोनं पाठवलं. भाजलेल्या पट्टीत रोप दाट, काळंभोर हिरवं आलं होतं. शेजारी पिवळ्या काड्या आणि त्यांच्या दुप्पट तण. मधली हद्द इतकी सरळ होती की पट्टी ठेवून आखल्यासारखी. ती वाकून तण उपटत होती. मी छत्री धरून बांधावर उभा राहिलो. मलाही उतरता आलं असतं. पण तणातलं रोप कुठलं आणि गवत कुठलं, हेही मला ओळखता येत नव्हतं.

त्या वर्षी तिचं एक खाचर लावलं गेलं. दोन पडून राहिली. शेजाऱ्यांनी उरलंसुरलं रोप दिलं, ते चार वाफ्यांना पुरलं. दिवाळीनंतर कळलं की तिनं तिन्ही खाचरं दिराला वाट्यानं कसायला दिली आणि ती मुलीकडे वेल्ह्याला निघाली. ज्या बाईनं इतकी वर्षं कुणाच्या दारात हात पसरला नव्हता, ती जावयाच्या चुलीपाशी जाऊन बसणार होती.

जाण्याआधी बाजारच्या दिवशी ती राईत आली. कण्हेर फुलली होती. पारावर आमचे अध्यक्ष उपरणं अंथरून बसले होते आणि चार माणसं बाग किती सुधारली म्हणून बोलत होती. मी उठून तिच्याकडे गेलो. म्हणालो, "पुढच्या वर्षीपासून पाचोळा कुणी जाळणार नाही. मी मंडळींकडून ठराव करून घेतो. राब असाच शब्द लिहितो." ते मी पुढं केलंही. भांडून केलं. पण पाचोळा न्यायला कुणी आलं नाही, तो कोपऱ्यातच कुजला.

तिनं मान हलवली. मग कनवटीला हात घातला आणि तोच कागद काढून माझ्या हातात दिला.

"ह्यो तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, मास्तर," ती म्हणाली. "आमाला काय, वाचता येत न्हाई. तुमाला येतंय."

ती टोमणा मारत नव्हती. तिला तसं खरंच वाटत होतं. मी कागद घेतला आणि ती फाटकातून बाहेर पडून वेल्ह्याच्या रस्त्याला लागली.